राष्ट्रपती भवन बघायला गेलो तेव्हाचा माझा अनुभव

आधी झेलम एक्सप्रेसची तिकिटं काढली आणि मग साइट उघडली, तिथेच चुकलं. आम्ही दिल्लीत पोचणार रविवारी रात्री, सोमवारी राष्ट्रपती भवन आणि मंगळवारी आग्रा असा प्लॅन, आणि बघते तर सोमवारी भवन बंद. सरकारी सुट्टीलाही बंद असतं. बाकी काही राहिलं तरी चालेल पण हे राहून चालणार नव्हतं, कारण आई जळगावकडची, प्रतिभाताई पाटील 2007 ला राष्ट्रपती झाल्या तेव्हापासून तिला "त्यांचं घर" बघायचंय. (2012 ला त्या तिथून गेल्या पण आईच्या लेखी ते घर अजून त्यांचंच.)

मग सगळं उलटं केलं, आग्रा सोमवारी, गाडीवाल्याशी नव्याने घासाघीस, आणि मंगळवारचा सकाळचा स्लॉट. बुकिंग ऑनलाइनच, माणशी 50 रुपये, फार काही नाही. पण फॉर्ममध्ये प्रत्येकाचं नाव आणि आयडी नंबर लागतो, आणि मी आईचं नाव भरलं सासरचं, आधारवर तिचं अजून माहेरचंच!! नवऱ्याने रात्री प्रिंट बघताना पकडलं म्हणून, मग ते रद्द करून परत भरलं. तर कार्ड समोर ठेवूनच टाइप करा, पाठ आहे म्हणून भरू नका. आणि ओरिजिनल कार्ड बरोबर हवं.

गेटवर चेकिंग कडक असणार हे माहीत होतं म्हणून मी पर्स रिकामी करून आणली, मुलांचे खिसे तपासले, आणि मशीनमध्ये अडकला आईचा बटवा. आत अडकित्ता! तो शिपाई हातात धरून उलटासुलटा करतोय, "माताजी ये क्या है", आई मराठीतून सुपारी कशी कातरतात ते सांगतेय, मागे लाइन थांबलेली. शेवटी तो काउंटरला जमा केला, टोकन मिळालं.

आत गाईड असतो, एकटंदुकटं फिरू देत नाहीत, फोटोही नाही. 340 खोल्या आहेत म्हणे, आपल्याला दाखवतात त्या मोजक्या. दरबार हॉल, 2024 पासून त्याचं नाव गणतंत्र मंडप, तिथे 15 ऑगस्ट 1947 ला नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला, आणि मागे गुप्तकाळातली बुद्धमूर्ती आहे, तिच्यासमोर माझा धाकटासुद्धा गप्प उभा राहिला. अशोक मंडप म्हणजे इंग्रजांचा नाचायचा हॉल, छतभर इराणी चित्रं, मान दुखते बघून पण बघाच.

आईचं मात्र लक्ष कशातच नाही. शेवटी तिने गाईडला विचारलंच, ताई झोपायच्या कुठे? तो हसला, राहायचा भाग दाखवत नाही म्हणाला, पण एक सांगितलं की व्हाइसरॉयची खोली राजाजींना (म्हणजे सी. राजगोपालाचारी, शेवटचे गव्हर्नर जनरल) फारच थाटाची वाटली म्हणून ते पाहुण्यांच्या साध्या खोल्यांत राहायला गेले, आणि नंतरचे राष्ट्रपतीही तिकडेच राहत आले. आई म्हणे, "बघ, ताई पण मग साध्या खोलीतच राहिल्या असतील."

म्युझियमचं बुकिंग वेगळं असतं, ते मी केलंच नव्हतं, त्यामुळे ते राहिलं. मेट्रोपर्यंत चालत आल्यावर आईने बटवा चाचपला. टोकन माझ्या खिशात, अडकित्ता काउंटरला. परत गेलो.