चुरीच्या मालाला पाणी किती?

खाणीची चुरी, म्हणजे दगड फोडताना पडणारा बारीक चुरा, पहिल्यांदा गिलाव्यात वापरली तेव्हा मी वाळूच्या जागी घमेल्याला घमेलं चुरी टाकली होती. एकास सहाचा माल, म्हणजे एक भाग सिमेंटला सहा भाग चुरी. गवंड्याने दोन थापा मारल्या आणि थांबला. "साहेब, माल ताठ येतोय. पाणी वाढवू का?" मी हो म्हणालो. तिसऱ्या आठवड्यात भिंतभर केसासारख्या बारीक भेगा दिसल्या. सगळा गिलावा खरवडून काढावा लागला. चूक गवंड्याची नव्हती, माझी होती.

नदीच्या वाळूचा कण वाहून वाहून गोलसर झालेला असतो. चुरीचा कण फुटलेला, कडा असलेला. तो घसरत नाही, अडकतो. त्यात 75 मायक्रॉनहून बारीक दगडी पावडर भरपूर, ती पाणी धरून ठेवते. मग माल सैल करायला पाणी ओतलं जातं, ताकद घटते आणि सुकताना माल आकसतो.

म्हणून पावडर धुऊनच टाकावी असंही नाही. सिमेंट कमी असलेल्या मालात ती पोकळ्या भरते, माल थापीवर लोण्यासारखा बसतो. बघायचं एवढंच, की ती दगडाची आहे की चिकणमातीची. माती फुगते, आकसते आणि सिमेंटची पकड सोडवते. मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याच्या चाचणीत हा फरक कळतो, आणि ती मी आता टाळत नाही.

मोजमाप वजनावर आणलं. ओलसर वाळू फुगते, त्यामुळे घमेलं फसवतं. वाळूच्या जागी तांब्याच्या भट्टीची मळी, म्हणजे धातू वितळवताना उरणारा टाकाऊ भाग, वापरली तर मात्र उलटं: ती वाळूपेक्षा बरीच जड, तिथे वजनाला वजन घातलं तर माल कमी भरतो, घनतेचा हिशोब करावाच लागतो. पोलादाच्या मळीत मोकळा चुना असतो, तो भिंतीत गेल्यावर फुगतो. मुरवून, तपासून घेतल्याशिवाय मी तिला हात लावत नाही.

एवढा खटाटोप का? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2022 च्या अहवालानुसार जग वर्षाला 50 अब्ज टन वाळू आणि खडी वापरतं. नद्यांची पात्रं खरवडली जात असताना खाणीशेजारी चुरीचे ढीग पडून राहतात, हे मला बघवत नाही.

सध्या निम्मी वाळू, निम्मी चुरी. पाणी मोजलेल्या मगाने, मगच गवंड्याच्या हाती. नव्या खाणीची चुरी आली की आधी मीटरभर चौकोन लिंपून त्यावर सात दिवस पाणी मारतो. कालच्या चौकोनावर आज सकाळी नख ओढून पाहिलं, कण सुटला नाही. भेगांसाठी अजून तीन आठवडे थांबायचं आहे.