बागा बघायला बेळगावला कधी यावं?

"दोन दिवस मोकळे आहेत, बेळगावकडे बघण्यासारख्या बागा कुठल्या?" असं पुण्या-कोल्हापूरकडची मंडळी नेहमी विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण आधी महिना ठरवा, बाग नंतर.

गुलाब हवेत तर डिसेंबर-जानेवारी. पावसाळा सरला की ऑक्टोबरात छाटणी होते. वाळक्या, किडक्या, एकमेकींत घुसलेल्या फांद्या काढून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या निरोगी तेवढ्या ठेवतात, आणि पुढे सहा ते आठ आठवड्यांनी बहर येतो. दिवाळीच्या सुट्टीत आलात तर बहुधा लालसर पालवी आणि काटेच दिसतील. श्रावणात तर येऊच नका. पानं सतत ओली राहिली की बुरशीचे काळे ठिपके पडतात, पानं पिवळी होऊन गळतात. लोक माळ्याला नावं ठेवतात, त्याचा त्यात काही दोष नसतो. शेवंती रात्र मोठी होऊ लागली की कळ्या धरते, म्हणून ती नोव्हेंबर-डिसेंबरात. पिटुनिया, फ्लॉक्स, डेलिया जानेवारीत रंगात असतात.

शहरात कॅम्पातल्या मिलिटरी महादेव मंदिराची बाग बघा. मुलं बरोबर असतील तर शिवाजी उद्यान. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत फुलांचे ताटवे शोधू नका. तिथं जुनी, मोठी झाडं आहेत, आणि सकाळी चालायला त्यासारखी जागा नाही. झाडांची खरी आवड असेल तर हायवेनं तासा-दीड तासात धारवाड गाठा. तिथलं कर्नाटक विद्यापीठाचं वनस्पती उद्यान सेल्फीवाल्यांना कंटाळवाणं वाटेल. तुम्हाला वाटणार नाही.

आखलेली, कारंज्यांची बाग हवी असेल तर अलमट्टी. विजयपूर जिल्ह्यातलं कृष्णेवरचं हे धरण. 1964 साली लाल बहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, म्हणून धरणाला त्यांचंच नाव. रॉक गार्डन, मुघल गार्डन आणि संगीत कारंजं, सगळं तिथं आहे. बेळगावहून गाडीनं साडेतीन-चार तास लागतात. बहुतेकांचं चुकतं ते वेळेत. पहाटे निघून भर दुपारी पोचतात, दगड तापलेले, सावली तुटपुंजी, आणि कारंजं तर अंधार पडल्यावरच. चारच्या सुमारास पोचा, कारंजं बघून रात्रीचा मुक्काम बागलकोटला करा. कारंजं त्या दिवशी चालू आहे का, हे निघण्याआधी विचारून घ्या.

पावसाळ्यातच सुट्टी मिळत असेल तर लावलेल्या बागांचा नाद सोडा आणि खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या डोंगरांकडे जा. गौरी-गणपतीच्या दिवसांत उतारांवर तेरडा फुललेला असतो. पायात लांब मोजे घाला, तंबाखूच्या पाण्यात भिजवून वाळवलेले असले तर उत्तम, कारण जळवा असतात. चिकटलेली जळू ओढून काढू नका, मीठ टाकलं की सोडते.

परतताना नर्सरीतून रोप घेण्याचा मोह कुणालाच आवरत नाही. तिथं एक गोष्ट मात्र नीट बघा. बेळगाव-खानापूर पट्ट्यातल्या नर्सरीत पिशवीत बहुधा तांबडी माती असते, आणि अथणी-गोकाककडे किंवा घाटावर तुमच्या अंगणात काळी. मुळांभोवतीचा तांबड्या मातीचा गोळा लवकर सुकतो, भोवतालची काळी माती पाणी धरून बसते. मुळं त्या सीमेवरच अडतात. त्यातून खड्ड्यात नुसती वाळू-शेणखत भरलं की पावसाचं पाणी चारी बाजूंनी त्यातच येऊन साचतं. मुळं कुजतात, वरून पानं मलूल दिसतात, आणि माणूस आणखी पाणी घालतो. म्हणून खड्डा दीड फुटाचाच करा, काढलेल्याच मातीत चौथा हिस्सा कुजलेलं शेणखत मिसळा, गोळ्याची बाहेरची बोटभर माती हलक्या हातानं मोकळी करा, आणि गोळा जमिनीपेक्षा तीन-चार बोटं उंच बसवून भोवती माती चढवा. खोडाला मात्र ती टेकू देऊ नका. आणल्याबरोबर लावायची घाई नको. आधी आठवडाभर पिशवीतच सावलीत राहू द्या. गुलाबाचं कलम असेल तर जोडाची गाठ मातीच्या वर ठेवा आणि तिच्याखालून फुटणारे कोंब लगेच काढा. ते ठेवले तर वर्षभरात रानगुलाब उरतो, कलम मरतं.