नकाशावरचे सतरा ठिपके

आमच्या कुरणात गुरं राखणाऱ्या मामांच्या विरोधातला कागद माझ्या हातचा होता, म्हणून हे लिहिते आहे.

आमचं काम आर्वी तालुक्यातल्या एका टेकडीवरच्या कुरणात. रानतुळस आणि तरोट्यानं गिळलेली जमीन पुन्हा पवन्या गवताची, फुलांची करायची. एक तुकडा तीन वर्षं पूर्ण बंद, बाकीच्यांत गवळाऊ गाई पाळीपाळीनं. म्होरक्या गाईच्या गळ्यात जीपीएस पट्टा; दर १५ मिनिटांनी जागा नोंदवतो. नाल्यात रेंज नाही, म्हणून कळप चढावर आला की दिवसभराच्या नोंदी एकदम पडतात. गाय बसलेली असली तरी ठिपका पाच-दहा मीटर सरकतो. त्यामुळे हद्दीवरचा एकटादुकटा ठिपका मी कधीच धरत नाही.

गेल्या नोव्हेंबरात मात्र बंद तुकड्याच्या पार आत, वरच्या टोकाला, तीन दुपारींचे सतरा ठिपके होते. मी मामांना विचारलंसुद्धा नाही. समितीपुढे नकाशा ठेवला. त्यांची महिन्याची मजुरी कापली गेली, राखण दुसऱ्याला दिली. उभा जन्म गुरांमागे काढलेला माणूस खाली मान घालून बसला होता. कुरण राखायचं म्हणजे गुरं हाकलायची, हे आमच्या क्षेत्रातल्या लोकांच्या डोक्यात फार घट्ट बसलं आहे. माझ्याही होतं.

या ऑगस्टमध्ये फुलं मोजायला गेले. एक मीटरची चौकट टाकायची आणि गुडघे चिखलात टेकून आतलं एकेक रोप मोजायचं. बंद तुकड्यात पवन्या कंबरेएवढा, बघत राहावा असा. पण हातानं बाजूला सारला तर बुडाशी गेल्या सालच्या वाळक्या गवताचा कुबट, ओला थर. चौकटीत केन्याची दोन रोपं, बस्स. वरच्या टोकाला चढले. तिथं गवत गुडघ्याखाली, मधे मधे माती उघडी. पिवळाजर्द कवळा, निळा केना, जमिनीला चिकटून काळ्या मुसळीच्या चांदण्या. पहिल्याच चौकटीत नऊ जाती भरल्या. फोनवर नोव्हेंबरचा नकाशा उघडला. सतराही ठिपके मी उभी होते तिथंच होते.

संध्याकाळी मामांच्या घरी गेले. त्यांनी आधी गाईची खुशाली विचारली. मग म्हणाले, "पवन्याचं बी झडू देलं, मंगच गाई घातल्या पोरी. खुरानं बी मातीत जाते. नाई तं गवतच गवताले खाते. अन् पट्टा तिच्या गळ्यात हाय, हे मले का मालूम नव्हतं? म्या काई लपून नेल्या नाई."

मला बोलायला शब्दच सुचला नाही.

वरच्या टोकाला मुरूम उथळ आहे, गवत तिथं तसंही कमीच वाढतं. फरक चराईचा की जमिनीचा, हे एका पावसाळ्यावरून सांगता येणार नाही. म्हणून यंदा बी झडल्यावर बंद तुकड्याच्या खालच्या भागातला अर्धा चारायचा आणि अर्धा तसाच ठेवायचा, असा अर्ज समितीला दिला. गाई मामांनीच न्याव्यात आणि कापलेली मजुरी त्यांना परत मिळावी, हेही त्यातच लिहिलं.

चराईला लगेच होकार आला. मजुरीचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला आहे.