पासष्टच्या आत

"भो, पासिंगले जानं शे. धूर कमी करी दे."

आमच्या दुकानात सकाळ बहुतेक वेळा याच वाक्यानं उजाडते. पासिंग म्हणजे आरटीओची तपासणी. गाडी दुरुस्त करा असं कुणी म्हणत नाही, धूर कमी करा म्हणतात. या दोन्हींत फरक आहे, आणि तो आम्हाला स्वतःला कळायला वीसेक वर्षं लागली. आमची वाटचाल सांगायची तर ती तिथूनच सांगावी लागेल.

धुळ्यात पारोळा रोडला आमचं डिझेल पंप आणि नोझलचं, म्हणजे इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचं आणि ते फवारणाऱ्या तोटीचं, काम चालतं. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन्ही रस्ते धुळ्यात एकमेकांना भेटतात, त्यामुळे ट्रकचा दुष्काळ इथे कधी पडला नाही. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, १९८७ साली पत्र्याच्या शेडमध्ये सुरुवात केली तेव्हा त्यांच्याकडे एक वाइस, रॉकेलचा डबा आणि हातानं दाबायचा नोझल टेस्टर एवढंच होतं. त्यांचे कान मात्र तयार होते. दांडा दाबला की चांगलं नोझल करकरतं आणि डिझेल धुक्यासारखं फेकतं. खराब नोझल काय करतं, त्यासाठी अण्णांचा एक शब्द होता. तो इथे लिहिण्यासारखा नाही, पण नोझलचं वर्णन त्याहून अचूक कुणी केलेलं मी ऐकलं नाही.

नव्वदच्या दशकात काळी-पिवळी जीप आमची अन्नदाती होती. साक्री, शिरपूर, अमळनेर, सगळीकडच्या गाड्या यायच्या. नऊ जणांच्या जागेत अठरा माणसं, टपावर पोती आणि मागे लटकलेली पोरं. एवढं ओढायचं तर मालकाला गाडीत "ओढ" पाहिजे. मग पंपाचा डिलिव्हरीचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवायचं. जादा डिझेलला हवा पुरत नाही, ते अर्धवट जळतं आणि काळा धूर होऊन बाहेर पडतं. मालकांना त्याचं काही वाटत नसे. उलट धूर सोडत घाट चढणारी गाडी म्हणजे जोरदार गाडी, असा समज होता.

पासिंग जवळ आलं की हाच स्क्रू उलटा फिरायचा, आणि कागद हातात पडला की पुन्हा मूळ जागी. आम्हीही ते केलं. लपवण्यात अर्थ नाही, जवळपास सगळ्याच गल्ल्यांत ते चालायचं. जमायचं ते तपासणीच्या पद्धतीमुळे. गाडी न्यूट्रलला उभी असते, अ‍ॅक्सिलरेटर एकदम तळाला दाबतात, गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग अडवणारा भाग, तोडेल तिथपर्यंत इंजिन पळतं आणि त्या वेळचा धूर मीटर मोजतो. असं अनेकदा करून सरासरी काढतात. चाकावर लोड काहीच नसतो. लळिंगच्या घाटात तिसऱ्या गिअरला भरलेली गाडी काय ओकते, ते या तपासणीत दिसत नाही.

मीटरचं तत्त्व साधं आहे. नळीतून धूर जातो, एका टोकाला प्रकाश असतो, दुसऱ्या टोकाला तो किती पोहोचला ते मोजलं जातं. पूर्ण स्वच्छ असेल तर शून्य, पूर्ण काळोख असेल तर शंभर. या मोजमापाला हार्ट्रिज युनिट म्हणतात. बीएस-४ या प्रदूषणाच्या मानकाआधीच्या डिझेल गाड्यांना ६५ पर्यंत मुभा, बीएस-४ ला ५०. स्लिपवर कधी २.४५ आणि १.६२ हे आकडे दिसतात, तेही त्याच मर्यादा आहेत, फक्त एकक वेगळं. आमच्या गिऱ्हाइकांना दशांश चिन्ह आवडत नाही. ते "पासष्टच्या आत आण" एवढंच सांगतात.

आता आमच्या चुकीची गोष्ट. एका जिनिंगवर कापूस वाहणाऱ्या पिकअपचा मालक हिवाळ्यात आमच्याकडे आला. गाडी नापास झाली होती. मी पाहिलं, काळा धूर. काळा धूर म्हणजे पंप, असं माझं त्या वयातलं गणित. पंप उतरवला, टेस्ट बेंचवर, म्हणजे पंप तपासायच्या यंत्रावर, चढवला, एलिमेंट बदलले, नोझल नवी टाकली, सात हजारांच्या वर बिल झालं. गाडी पुन्हा गेली आणि ७८ घेऊन परत आली. मी पुन्हा पंप उतरवायला निघालो होतो. तेवढ्यात आमच्याकडे नुकताच लागलेला पोरगा एअर क्लीनरचा डबा उघडून बसला. आत फिल्टर नव्हताच म्हणायचं, गादी होती. रुईचे तंतू, धूळ आणि तेल यांची बोटभर जाडीची गादी. साडेतीनशे रुपयांचा फिल्टर टाकला आणि गाडी ४४ वर आली.

अण्णा त्या दिवशी माझ्याशी काही बोलले नाहीत. संध्याकाळी गल्ला उघडला, मजुरीचे पैसे मोजून वेगळे काढले आणि दुसऱ्या दिवशी मालकाला परत दिले. पार्ट परत घेता येत नव्हते, ते गेले. मालक खूश होऊन गेला. माझ्या घशाखाली मात्र दोन दिवस घास उतरला नाही.

तेव्हापासून दुकानात एक शिस्त आहे: धूर स्वस्ताकडून महागाकडे शोधायचा. आधी एअर फिल्टर आणि हवेचे पाइप. इंजिनात हवा ढकलणाऱ्या टर्बोच्या पाइपला चीर असली तर हवा मध्येच सुटते आणि धूर काळाच येतो. मग डिझेल फिल्टर, टायमिंग, नोझल. पंपाला हात सगळ्यांत शेवटी. आणि आधी रंग बघायचा. काळा असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा असेल तर ऑइल जळतंय, रिंगा नाही तर व्हॉल्व्ह सील. पांढरा, तोही गरम इंजिनावर, असेल तर डिझेल जळतच नाहीये, किंवा पाणी आत येतंय. निळ्या धुराची गाडी पंपवाल्याकडे आणणं म्हणजे दातदुखीला चष्मा बदलण्यासारखं आहे, तरी लोक आणतात, आणि बिल करणारेही भेटतात.

खान्देशातली हवा हाही एक पार्ट धरावा लागतो. मे महिन्यात दुपारी पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला की हवा विरळ होते, इंजिनाला तेवढ्याच घोटात कमी ऑक्सिजन मिळतो. जानेवारीच्या सकाळी ६० दाखवणारी जुनी गाडी मेच्या दुपारी हद्द ओलांडू शकते. काठावर पास झालेल्या गाडीच्या मालकाला आम्ही हे सांगतो. ऐकतो कोण, ते वेगळं.

२०१४ साली कॉमन रेलचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या डिझेल यंत्रणेचा, बेंच घ्यायचा ठरवला तेव्हा घरात भांडण झालं. काका म्हणाले, घराएवढी किंमत देऊन यंत्र घेतोस, धुळ्यात किती जणांकडे असल्या गाड्या आहेत? तोवर बोलेरो, स्विफ्ट, स्कॉर्पिओ यायला लागल्या होत्या. त्यांच्या पंपाला फिरवायला स्क्रूच नाही. रेलमध्ये दाब १३५० ते १६०० बार, इंजेक्टरची भोकं केसाएवढी, डिझेल किती जायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. बँकेचं कर्ज काढून बेंच घेतला. पहिली दोन वर्षं हप्ता जुन्या पंपांच्या कमाईतून गेला, हे काकांना आजवर सांगितलेलं नाही.

या गाड्यांबरोबर नवी मागणी आली: "ईजीआर बंद करून द्या." ईजीआर म्हणजे जळलेला थोडा वायू पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा. एक पत्र्याची चकती लावली की झालं, दहा मिनिटांचं काम. खरं बोलायचं तर त्यानं धूर कधी कधी कमीच दिसतो, कारण जळलेला वायू पुन्हा आत जात नाही. पण नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, आणि धुराचा मीटर ते मोजत नाही. म्हणजे तपासणीत पास आणि हवेत विष. आम्ही चकती लावत नाही, ईजीआर काढून साफ करून बसवतो. यात गिऱ्हाइकं गेली. समोरच्या गल्लीत गेली, एवढंच सांगतो.

पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र, आम्ही देत नाही, आणि तेही मुद्दाम. पेपर लिहिणाऱ्यानंच पेपर तपासू नये. आमच्याकडे स्वतःचा स्मोक मीटर आहे, तो फक्त गाडी पाठवण्याआधी बघायला. २०२१ च्या जूनपासून देशभर एकाच नमुन्याचं प्रमाणपत्र झालं आणि नापास झालेल्या गाडीला रिजेक्शन स्लिप मिळू लागली. ती स्लिप आमच्यासाठी डॉक्टरच्या रिपोर्टसारखी असते. पूर्वी मालक म्हणायचा "थोडासा धूर जास्त आहे", आता आकडा समोर असतो. गाडी न आणता कागद मिळवायचा धंदाही नंबरप्लेटच्या फोटोमुळे अवघड झाला.

नियमांबद्दल लोकांच्या डोक्यात इतका गोंधळ आहे की निम्मा दिवस तेच समजावण्यात जातो. धंद्याच्या गाडीला पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांनी पासिंग, नंतर दरवर्षी. खासगी गाडीला पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, पुढे पाच-पाच वर्षांनी. कारसाठी ही फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० झाली. पीयूसी वेगळी, ती जुन्या गाडीला दर सहा महिन्यांनी आणि बीएस-४ पासून पुढे वर्षानं. दहा वर्षांच्या डिझेल गाडीवरची बंदी दिल्ली आणि आसपासच्या भागापुरती आली होती, आपल्याकडे नाही. ती बातमी मोबाइलवर फिरली तेव्हा धडधाकट गाड्या लोकांनी घाबरून मातीमोल विकल्या. विकत घेणाऱ्यांना नियम नीट ठाऊक होता.

काही गाड्या मात्र आम्हीच परत पाठवतो. शिरपूरकडच्या एका आबांची जीप अण्णांच्या काळापासून आमच्याकडे होती. कॉम्प्रेशन गेलेलं, बोअर खाल्लेला, म्हणजे इंजिनच आतून झिजलेलं. पंप, नोझल, फिल्टर सगळं ठाकठीक करूनही आकडा सत्तरच्या खाली येईना. इंजिनाचा खर्च सांगितला तर तो जीपच्या किमतीपेक्षा जास्त. आबा म्हणाले, "तुन्हा बाप स्क्रू फिरवे ना, तू बी फिरव." मी नाही म्हटलं. फिरवूनही उपयोग नव्हता, पण ते कारण मी दिलं नाही. आबा ओट्यावर बराच वेळ बसले, चहा घेतला नाही, आणि जाताना म्हणाले, "मन्हा धंदा तू बंद करी टाका, भो." आता त्यांचा मुलगा सीएनजीची रिक्षा चालवतो. आबा धुळ्यात आले तर समोरून जातात, आत येत नाहीत.

पासिंगला येणाऱ्यांसाठी एवढंच. किमान आठ दिवस आधी या. इंडिकासारखी बेल्टवाली गाडी असेल तर टायमिंग बेल्ट कधी बदलला ते आठवून या, कारण तपासणीत इंजिन एकदम पळवतात आणि म्हातारा बेल्ट तिथेच तुटू शकतो. ऑइल बदललेलं असू द्या. तपासणीला जाताना वीस मिनिटं गाडी चालवून इंजिन नीट गरम करा, ऑइल ६० अंशांच्या वर हवं, थंड इंजिन चांगलं असलं तरी धूर दाखवतं. पासिंगच्या आदल्या संध्याकाळी आलात तर चहा नक्की मिळेल.