नारळीभाताच्या वाट्या

पंचवटी. श्रावणातला रविवार, रात्री.

आज मांडणी आवरताना मागच्या फळीवर एक वाटी सापडली. बुडाशी कोरलेलं नाव आमचं नाही, खालच्या काकूंचं. 2009 पासून आमच्याकडेच राहिलीय.

त्या वर्षी नारळी पौर्णिमा 5 ऑगस्टला, बुधवारी होती. सोमवारी, 3 तारखेला, पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. आणि मंगळवारी रात्री माझा भाऊ पुण्याहून एसटीने आला. घसा खवखवतोय म्हणाला. ‘खिडकीशी बसला असशील,’ मी म्हटलं. बातमी ऐकली होती मी, पण राखीला आलेल्या भावाला दारात थोडंच उभं करणार?

सकाळी दोघं गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदेवरच्या, बुधवारच्या बाजारात नारळ आणायला गेलो. ती गर्दी, तो चिखल, आणि हा रुमालात खोकतोय. दुपारी नारळीभात झाला, चार घरी वाट्या गेल्या. पोहोचवायला मीच. तीन घरी टेकले, गप्पा मारल्या. चौथ्या घरच्या आजींची वामकुक्षी चालली होती, म्हणून सुनेने वाटी दारातच घेतली.

गुरुवारी रात्री मला ताप भरला. रविवारपर्यंत ती तिन्ही घरं आडवी झाली. चौथ्यात कुणी शिंकलंसुद्धा नाही. ताप चढायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस फ्लू वाटत सुटतो, हे मला पुढे कळलं. आदला दिवस म्हणजे बुधवार. भाताचा काही दोष नव्हता, गप्पांचा होता.

तो स्वाइन फ्लू होता की साधा, कोण जाणे. साध्या तापाच्या माणसाची तपासणी तेव्हा करत नव्हते, आणि टॅमीफ्लू सरकारी दवाखान्यातूनच मिळे. आम्ही आपले गळ्यात कापूर-वेलचीची पुरचुंडी बांधून पडलो होतो. (सूक्ष्मजंतू तिला हसले असतील.)

सासूबाई मात्र उशाशी बसून मानमोडीच्या गोष्टी सांगायच्या. 1918 ची फ्लूची साथ. मुंबई बंदरातून आगगाडीने देशभर पसरली, एक कोटीहून जास्त माणसं गेली, त्यातही तरणीताठी फार. त्यांची आई तेव्हा दहा वर्षांची, सिन्नरला. ती सांगायची, तापाइतकेच लोक पाण्यावाचून गेले. अख्खं घर आडवं, तांब्या भरून द्यायला कुणी उठत नव्हतं. त्यांची एक आत्या मात्र ओट्याओट्यावर पेजेचं भांडं ठेवून हाक मारायची आणि पुढे सरकायची. ती आत्या वाचली का, हे विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं. आता सासूबाई नाहीत.

आमच्या दाराशी सोमवारी वाटी आली. मऊ भात, वर मेतकूट. काकू स्वतः तापातून जेमतेम उठलेल्या. बेल वाजवून जिन्यात उभ्या राहिल्या, ‘दार उघडू नकोस गं, मी गेले की घे,’ म्हणाल्या. भावाच्या घशाचं मी त्यांना तेव्हाही सांगितलं नाही, नंतरही नाही. वाटी परत द्यायची तर रिकामी कशी द्यायची, आणि भरून द्यायची तर जाऊन बसायला हवं, बोलायला हवं. तेवढ्यावर ती राहिली ती राहिलीच.

काकूंचा नातू काल रात्रीपासून तापाने फणफणलाय. वाटी चिंचेने लख्ख घासून ठेवली आहे. तांदूळ सकाळी लवकर टाकीन. मेतकूट घरात आहे. बेल वाजवून जिन्यात उभी राहीन, आणि दाराआडूनच भावाचं सांगून टाकीन.