ताईच्या लग्नाची कॅसेट आणि तळाच्या बारा ओळी

ताईचे लग्न १९९४ च्या मे महिन्यात झाले. त्याची व्हीएचएस कॅसेट आईने कपाटात, शालूच्या घडीशेजारी, इतकी वर्षे जपून ठेवली होती. काही वर्षांपूर्वी ती आम्ही एका स्टुडिओकडे संगणकात घेण्यासाठी दिली. परत आलेली फाइल सगळ्यांनी मिळून मोठ्या टीव्हीवर लावली, तेव्हा चित्र पडदाभर पसरलेले होते आणि प्रथमदर्शनी सगळ्यांना आवडलेही. मंगलाष्टकांच्या वेळी मात्र आईने विचारले, "आजी कुठे आहे?" बोहल्यासमोर खाली पाटावर बसलेली आजी चित्रात नव्हती. वर पाहिले, तर नवरदेवाच्या कपाळावरच्या मुंडावळ्याही अर्ध्यावर कापल्या गेल्या होत्या.

कारण साधे होते. कॅसेटवरचे चित्र चारास तीन या प्रमाणातले, तर आजचा टीव्ही सोळास नऊचा. रुंदी पडदाभर न्यायची आणि माणसेही जाड दिसू द्यायची नाहीत, तर उंचीचा चौथा हिस्सा कापावाच लागतो. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत चित्राच्या दिसणाऱ्या ओळी ५७६ असतात. त्यांतल्या १४४ त्या स्टुडिओने वरून आणि खालून मिळून काढून टाकल्या होत्या. शूटिंग करणाऱ्याने मात्र चौकट त्या काळच्या टीव्हीसाठी बांधलेली होती: वरून अक्षता पडताना दिसाव्यात, खाली बसलेली वडीलधारी मंडळी दिसावीत आणि मध्ये अंतरपाट असावा. मूळ कॅसेट सुदैवाने शाबूत होती. एका परिचितांचा व्हीसीआर, म्हणजे कॅसेट चालवणारे यंत्र, आणून मी ती पुन्हा संगणकात घेतली आणि कडांचे काम स्वतः करायचे ठरवले. त्यासाठी एकच नियम घातला: जे मुळात चित्र नाही, तेवढेच कापायचे.

चित्र नसलेला भाग कॅसेटमध्ये खरोखरच असतो. संगणकात घेतलेली फ्रेम ७२० पिक्सेल रुंद असते, पण पालच्या एका ओळीतला दिसणारा भाग जेमतेम ७०२ पिक्सेलांचा. उरलेले पिक्सेल दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या होऊन बसतात आणि व्हीसीआरच्या लहरीप्रमाणे त्या पट्ट्या सारख्या रुंदीच्या असतीलच असे नाही. आमच्या फाइलमध्ये डावीकडे १० आणि उजवीकडे ६ पिक्सेल काळे निघाले. तळाशी तर काही ओळी फाटलेल्या, उजवीकडे सरकलेल्या आणि थरथरणाऱ्या दिसतात. पुष्कळांना वाटते की कॅसेट खराब झाली आहे, तसे नसते. व्हीसीआरच्या फिरत्या ड्रमवर समोरासमोर दोन हेड, म्हणजे टेपवरचे चित्र वाचणारे भाग, असतात. पालमध्ये हा ड्रम सेकंदाला २५ फेरे घेतो आणि प्रत्येक अर्ध्या फेरीत एक हेड आपले फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींचे अर्धे चित्र, वाचून काम दुसऱ्याकडे सोपवते. ही अदलाबदल चित्राच्या अगदी शेवटच्या ओळींमध्ये होते, म्हणून चांगल्यातल्या चांगल्या कॅसेटच्याही तळाशी ही फाटकी पट्टी असते. जुन्या काचेच्या टीव्हीवर चित्राच्या कडा पडद्याच्या चौकटीआड जात, त्यामुळे ती कधी कोणाला दिसली नाही. फाइलमध्ये मात्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळे उघडे पडते.

कापण्याआधी मी लग्नातले निरनिराळे प्रसंग घेतले आणि एकेक फ्रेम थांबवून मोजली. उजेडातला हळदीचा प्रसंग यासाठी सर्वांत उपयोगी पडला, कारण पांढऱ्या भिंतीसमोर काळी पट्टी कोठे संपते ते स्पष्ट दिसते. रात्रीच्या मांडवातल्या चित्रांवरून मोजू नये. तिथे अंधारा कोपरा आणि काळी कड यांतला फरक डोळ्यांना कळत नाही आणि सॉफ्टवेअरलाही कळत नाही. हँडब्रेक हा प्रोग्राम नमुन्यादाखल काही फ्रेम तपासून कडा आपोआप कापतो, पण जुन्या कॅसेटच्या बाबतीत मी ती सोय बंद करून आकडे हातानेच भरतो. कॅसेटवरची काळी पट्टी पूर्ण काळी नसते, तिच्यात खरखर असते, म्हणून कापायची कड कधी राहून जाते आणि अंधारातला माणूस कापला जातो.

आकडे भरताना एक घोटाळा नेहमी होतो. हँडब्रेक प्रत्येक बाजूने किती कापायचे ते विचारतो, तर एफएफएमपेग या प्रोग्रामचा क्रॉप, म्हणजे कडा कापणारा, फिल्टर उरणाऱ्या चित्राची रुंदी आणि उंची आधी मागतो, मग डावीकडून आणि वरून किती अंतर सोडायचे ते. माझ्या बाबतीत पहिल्या पद्धतीचे आकडे वरून ०, खालून १२, डावीकडून १०, उजवीकडून ६ असे होते आणि दुसऱ्या पद्धतीचे ७०४, ५६४, १०, ०. व्हर्चुअलडब या तिसऱ्या प्रोग्राममध्ये क्रॉपसाठी वेगळा फिल्टरच नाही. नल ट्रान्सफॉर्म नावाचा, स्वतः काहीच न करणारा फिल्टर घेऊन त्यावर क्रॉपचे बटण दाबावे लागते. तिथे कडा माऊसने ओढता येतात आणि डोळ्यांसमोर मोजमाप होते, म्हणून शिकण्यासाठी मला तो सर्वांत चांगला वाटतो.

डाविंची रिझॉल्व्हसारख्या संपादनाच्या प्रोग्राममधले क्रॉप हे निराळे काम आहे, आणि नव्याने शिकणाऱ्यांची निराशा बहुधा इथेच होते. तिथे कड कापली तरी टाइमलाइनची, म्हणजे जिच्यावर तुकडे जोडतात त्या पट्टीची, चौकट तेवढीच राहते. कापलेला भाग फक्त झाकला जातो आणि त्या जागी काळे दिसते. चौकटच लहान हवी असेल, तर टाइमलाइनचे माप बदलावे लागते. पट्टी घालवण्यासाठी झूम वाढवला, तर स्टुडिओने जे केले तेच थोड्या प्रमाणात आपल्या हातून घडते.

आकडे नेहमी सम घ्यावेत. यामागचे कारण मी एकदा हळदीच्याच चित्रात पाहिले आणि मग विसरलो नाही. बहुतेक व्हिडिओंमध्ये उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलला स्वतंत्र असते, पण रंगाची माहिती शेजारच्या दोन पिक्सेलांत मिळून एकच असते. विषम आकड्यावर कापले की ही जोडी तुटते. उभ्या दिशेने आणखी जपावे लागते. कॅसेटचे चित्र एकाआड एक ओळींच्या दोन फील्डांनी विणलेले असते. वरून एकच ओळ कापली, तर पहिले फील्ड दुसरे होते, आणि प्रोग्रामला ते कळले नाही तर हालचाल मागेपुढे थरथरू लागते. माझ्या पहिल्या प्रयत्नात ताईने हात पुढे केला, तेव्हा हिरव्या चुड्याच्या बांगड्या मागे-पुढे, मागे-पुढे अशा नाचत होत्या आणि शालूचा जरीचा काठ कंगव्याच्या दातांसारखा दिसत होता. म्हणून आता मी आधी डीइंटरलेस करतो, म्हणजे विणलेल्या फील्डांपासून पूर्ण चित्रे बनवतो, मग कडा कापतो आणि माप शेवटी बदलतो.

मापाचे सांगायचे तर पालचे पिक्सेल चौरस नसतात, किंचित रुंद असतात. ७०४ पिक्सेलांची ओळ संगणकाच्या चौरस पिक्सेलांत ७६८ होते. तळाच्या १२ ओळी गेल्यावर चित्र ७६८ गुणिले ५६४ उरते आणि ते काटेकोर चारास तीन नसते. ते ओढून चारास तीन करण्याचा मोह टाळावा, नाहीतर चेहरे लांबट होतात. टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळी जागा उरते. ती उरू द्यावी. एवढे करूनही कडा कापलेल्या दिसल्या, तर टीव्हीची सेटिंग पाहावी, कारण काही टीव्ही आजही चित्र थोडे मोठे करून दाखवतात.

हे सगळे मूळ, न दाबलेल्या (कॉम्प्रेस न केलेल्या) फाइलवरच करावे आणि ती फाइल तशीच राखून ठेवावी. कापलेले चित्र पुन्हा एनकोड करावे, म्हणजे दाबून नव्या फाइलमध्ये लिहावे, लागते आणि एकदा दाबलेले चित्र दुसऱ्यांदा दाबले की आणखी विरते.

नव्या फाइलमध्ये आजी आहे. तिच्या मांडीवर अक्षतांची वाटी आहे आणि ताईच्या मागे करा घेऊन उभी असलेली करवलीही पूर्ण दिसते. शेवटच्या पाठवणीच्या प्रसंगात मात्र कॅसेट सुरकुतली आहे, त्यामुळे तळाची फाटकी पट्टी बारा ओळींवर न थांबता बरीच वर चढते. त्या साडेतीन मिनिटांसाठी वेगळा, मोठा क्रॉप लावून पाहिला. चित्र स्वच्छ झाले, पण ताई वाकून आजीच्या पाया पडते तो क्षण त्याच पट्टीत होता. तेवढा भाग मी बारा ओळींवरच ठेवला. खरखरीतून आजीची पावले आणि ताईची बोटे दिसतात.