टो ट्रॅक्टर सेल्फ घेत नाही? आधी मीटर लावा

विमानतळावर सामानाच्या ट्रॉल्या ओढणारा १२ व्होल्टचा डिझेल टो ट्रॅक्टर नुसता 'टक्' करून थांबला, की स्टार्टर बदलायची घाई होते. आधी बॅटरी बघा: इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली नको. ती ठीक असेल तर व्होल्ट मोजणाऱ्या मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरी स्टार्टरच्या बॉडीवर धरून सेल्फ मारायला लावा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थिंग खराब, चासीवरचा बोल्ट काढून गंज आणि रंग (हो, रंगसुद्धा!) घासून काढा.

'टक्'ही नाही? चावी फिरवून धरा, सोलेनॉइडच्या (स्टार्टरवरचा चुंबकीय स्विच) बारीक वायरवर सप्लाय तपासा. शून्य असेल तर फ्यूज, मग न्यूट्रल स्विच (गिअर न्यूट्रलमध्ये असेल तरच सेल्फ लागू देणारा). हँडब्रेक ओढून, चाकांखाली ठोकळे लावून गिअर लिव्हर न्यूट्रलमध्येच किंचित हलवा; सेल्फ लागला तर स्विचची सेटिंग सरकलेली आहे.